फवारणीच्या आधी एक फेरी



आमच्या मळ्यात यंदा निमगरव्या भातावर तपकिरी तुडतुडा आलाय. उगवतीकडच्या दोन खाचरांत गोल पिवळे चट्टे पडलेत, मधे भात आडवं झालंय. मागच्या आठवड्यात बैठक झाली आणि ठरलं की रविवारी सगळ्या मळ्यावर एकदम फवारणी करायची. पंप भाड्याने आणायचा, औषध तालुक्याहून, खर्च गुंठ्यावर वाटून घ्यायचा. माझी सात खाचरं बरोबर मधे येतात. त्यामुळे निरोप आला, "तुझं काय ते शनिवारी रात्रीपर्यंत सांग."

आमचा गाव दापोली तालुक्यात, आंजर्ल्याच्या उत्तरेला. घरामागे काजूचा उतार, खाली मळा, मळ्याच्या टोकाला खारबांध आणि उघाडी, पलीकडे खाडी, आणि खाडीच्या तोंडाशी पुळण. शनिवारी सकाळी ही सगळी वाट चाललो. सोबत वही, पांढरी थाळी आणि पुतण्याची दुर्बीण. साडेतीन तास लागले. जे दिसलं ते खाली लिहितोय. हौस म्हणून पक्षी-किडे बघायला मलाही आवडतं, पण त्या दिवशी मला उत्तर द्यायचं होतं, आणि दुकानातून आलेल्या बाटलीला विचारण्याआधी मळ्याला विचारलेलं बरं.

सकाळी पावणेसात, काजूचा उतार

परतीचा पाऊस जाऊन आठ दिवस झालेत. पहाटे दव, दुपारी चटका. दव पडलं की कोळ्यांची जाळी दिसायला लागतात. एरवी त्यातून हात गेला तरी कळत नाही. कुंपणालगतच्या वीस पावलांत मी २६ जाळी मोजली.

काजूला नवी पालवी फुटायला लागलीय. हाच ढेकण्याचा काळ. कोवळ्या पालवीतून रस शोषला की शेंडा काळा पडतो, पुढे मोहोरही जळतो. बारा झाडांपैकी पाच झाडांवर ओंबीलांची घरटी आहेत. पानं एकमेकांना शिवून केलेली ही घरटी दिसली की आपण पेटता पलिता लावतो, कारण बी गोळा करताना त्या डसतात. डसतात हे खरंच. पण ज्या फांदीवर ओंबील फिरत असतात तिथे ढेकण्या टिकत नाही, हे काजूवर काम करणाऱ्या शास्त्रज्ञांनीही तपासून सांगितलंय. मी घरटी ठेवतो. बी गोळा करायच्या दिवसांत खोडाभोवती राख टाकतो आणि काम भागवतो.

कुंपणाला खुळखुळा वाळलाय. त्याच्या सुकलेल्या शेंगांवर निळसर पट्ट्यांची काळी फुलपाखरं दाटीने बसलेली. फूल नाही, मध नाही, मग काय करतात? ही बहुतेक नर असतात. वाळलेल्या खुळखुळ्यातून ती एक कडू द्रव्य शोषतात आणि त्यापासून मादीला बोलवायचा गंध तयार करतात. आपला हिरवळीचा ताग हा या खुळखुळ्याचाच भाऊबंद. तागाचे चार ताटे बांधावर वाळू दिले तर हा देखावा तुम्हालाही दिसेल.

पऱ्याच्या दगडावर करडा धोबी शेपटी हलवत होता. हा थंडीचा पहिला पाहुणा, हिमालयाकडून उतरतो. माझ्या वहीत यंदाची त्याची पहिली नोंद २१ सप्टेंबरची आहे. विजेच्या तारेवर नीलपंख. पाऊस सरला की तो सड्यावरून खाली येतो, तारेवर बसून खालचं गवत न्याहाळतो, आणि नाकतोडा किंवा भुंगेरा दिसला की झेप घेतो. मी उभा होतो तेवढ्यात त्याने चार झेपा घेतल्या आणि त्यातल्या तीन साधल्या.

साडेसात, मळा

तुडतुडा वरून दिसत नाही. तो चुडाच्या बुंध्याशी, पाण्याच्या जरा वर बसतो. बांधावर उभं राहून "माझ्यात काही नाही" म्हणणं आणि लांबून पिवळा चट्टा बघून "सगळं गेलं" म्हणणं, दोन्ही सारखंच. खाचरात उतरावं लागतं.

माझी पद्धत साधी आहे. खाचराच्या एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्याकडे तिरकं चालायचं आणि दहा-बारा पावलांवर एक चूड घ्यायचा. बुंध्याशी पांढरी थाळी तिरकी धरायची, चुडाला दोन-तीन थपडा मारायच्या आणि थाळीत काय पडलं ते मोजायचं. तुडतुडे वेगळे, कोळी वेगळे, हिरवे ढेकूण वेगळे. असे वीस चूड.

माझ्या खाचरांत वीस चुडांची सरासरी आली ६ तुडतुडे, कोळी दीड. शिवाय जवळजवळ प्रत्येक थाळीत काळ्या खांद्याचे बारीक हिरवट ढेकूण होते. हे मिरिड ढेकूण. भाताचं ते काही बिघडवत नाहीत. तुडतुड्याची अंडी पानाच्या आवरणात खुपसलेली असतात, ती हे शोधून शोषतात.

मग शेजारच्या आबांच्या पिवळ्या चट्ट्याच्या कडेला पाच चूड झाडले. ४० च्या वर तुडतुडे, कोळी पाच चुडांत मिळून एक. हिरवा ढेकूण एकही नाही.

दोघांच्या खाचरांमधे एकच बांध. मग एवढा फरक कसा? कारणं तीन दिसतात. आबांची लावणी दाट आहे, आत हवा खेळत नाही. युरिया दोन हात जास्त पडलाय, त्यामुळे भात हिरवंगार आणि लुसलुशीत, तुडतुड्याला तेच हवं. आणि सप्टेंबरात पानं गुंडाळणाऱ्या अळीवर तिकडे एक फवारा झाला होता, सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातल्या औषधाचा. तिन्ही गोष्टी एकाच खाचरात असल्यामुळे सगळा दोष एकट्या औषधाला देणं बरोबर नाही. पण तिसऱ्या कारणाबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण रविवारी आणायचं ठरलेलं औषध त्याच गटातलं आहे.

तुडतुडा मारायला गेलं की तुडतुडा वाढतो, हे आशियात पन्नास वर्षांपूर्वीच लक्षात आलं. फिलिपिन्समधे पीटर केनमोर या कीटकशास्त्रज्ञाने दाखवून दिलं की फवारा न झालेल्या भातात कोळी आणि बाकीचे भक्षक तुडतुड्याला आवरून धरतात, आणि फवारलेल्या भातात तो बेसुमार वाढतो. यात गूढ काही नाही. औषधाने कोळी मरतात, वर फिरणारे तुडतुडेही बरेचसे मरतात. पण पानाच्या आवरणातली अंडी तशीच राहतात. साधारण आठवड्यात ती फुटतात, आणि खायला कोणीच शिल्लक नसतं. कोळ्यांना परत यायला आणि वाढायला तुडतुड्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो. इंडोनेशियात हे एवढ्या थराला गेलं की १९८६ साली तिथल्या सरकारने भातावर ५७ कीटकनाशकं वापरायला बंदी घातली. त्यानंतर भाताचं पीक घटलं नाही.

एक मोठा लांडगा कोळी दिवसाला ५ ते १५ किडे खातो. लांडगा म्हणतात कारण तो जाळं विणून वाट बघत बसत नाही, बुंध्याबुंध्यातून पळत शिकार करतो. पाण्यावरूनही पळतो. म्हणूनच तामिळनाडू कृषी विद्यापीठाच्या शिफारशीत कोळी धरलेला आहे: कोळी नसेल तर फुटव्याला १ तुडतुडा ही नुकसानीची पातळी, आणि चुडाला १ कोळी असेल तर फुटव्याला २ तुडतुडे चालतात. माझ्या चुडाला दहा-बारा फुटवे आहेत, सरासरी तुडतुडे ६, कोळी दीड. हिशोब तुम्हीच करा.

साडेआठ, मळ्याच्या वर

उन्हं वर आली तसे चतुर उठले. पोरं त्यांना हेलिकॉप्टर म्हणतात. त्यातले पिवळसर, पंख पसरून न थांबता घिरट्या घालणारे, बुंध्यावर फारसे न बसणारे, ते ग्लोब स्किमर. शास्त्रीय नाव पँटाला फ्लेवेसेन्स. बारीक टाचण्या मात्र खाली चुडाचुडांतून फिरत होत्या, त्या तुडतुडेच टिपतात. वरचे चतुर खोडकिड्याचे आणि पानं गुंडाळणाऱ्या अळीचे पतंग, डास, माश्या उडता उडता पकडतात.

या पिवळ्या चतुराची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. मालदीवच्या बेटांवर दर वर्षी ऑक्टोबरात हे चतुर लाखोंनी उतरतात. तिथे उघड्यावर साचलेलं गोडं पाणी जवळजवळ नाही, म्हणजे ते तिथले नव्हेत. चार्ल्स अँडरसन या तिथे राहणाऱ्या सागरी जीवशास्त्रज्ञाने वर्षानुवर्षं तारखा आणि वारे लिहून ठेवले आणि २००९ साली मांडलं की हे चतुर भारतातून निघतात, उंचावरच्या ईशान्येकडून येणाऱ्या वाऱ्यावर स्वार होऊन अरबी समुद्र ओलांडतात आणि पूर्व आफ्रिकेत पोचतात. तिथल्या पावसात अंडी घालतात. त्यांची पुढची पिढी पाऊस जाईल तशी सरकते, आणि शेवटी आपल्या मोसमी वाऱ्याबरोबर कोणीतरी नातवंडं-पतवंडं परत इथे येतात. सगळा फेरा १४ ते १८ हजार किलोमीटरचा, चार पिढ्यांचा. किड्याचं वजन एक ग्रॅमच्या तिसऱ्या हिश्शाएवढं. पुढे त्यांच्या पंखांतल्या हायड्रोजनची तपासणी झाली, तीही ते उत्तर भारताकडून किंवा त्याहून लांबून आल्याचंच सांगते.

आता शेतकऱ्याच्या कामाची गोष्ट. हा चतुर अंडी घालतो पावसाच्या साचलेल्या उथळ पाण्यात. भाताचं खाचर म्हणजे नेमकं तेच. त्याची अळी पाण्यात राहते, डासांच्या अळ्या खाते, आणि पाच ते आठ आठवड्यांत मोठी होऊन चुडावर चढते, कात टाकते आणि उडते. त्या दिवशी मला पाण्यालगतच्या पातींवर अशा रिकाम्या कातींच्या टरफलांची ओळच दिसली. एका बांधाच्या कडेला ३४ मोजली. म्हणजे हे चतुर पाहुणे नाहीत, आमच्याच खाचरात जन्मलेत. ऑगस्टमधे तुम्ही पाण्यात काय टाकलं ते ऑक्टोबरात हवेत दिसतं. दाणेदार विषारी औषध पाण्यात फेकलं असतं तर ही टरफलं दिसली नसती. फोरेटवर २०२० च्या अखेरीपासून बंदी आहे, तरी जुना डबा गोठ्यात पडलेला असतो आणि सवय हातात. तो डबा असेल तर बाहेर काढा आणि वापरू नका एवढंच सांगतो.

मी लावणीनंतर खाचरात बांबूच्या काठ्या रोवतो, दर खाचरात तीन-चार. खर्च शून्य. त्या दिवशी अर्ध्या तासात त्या काठ्यांवर कोतवाल, वेडे राघू आणि एक खंड्या बसून गेला. वेडा राघू चतुरही खातो, मधमाशीही खातो. तो माझा नोकर नाही, त्याचं पोट भरतोय. मळा हा असाच चालतो. सगळेच आपल्या बाजूचे नसतात, पण सगळे असले की एकटा तुडतुडा डोईजड होत नाही.

नुकसान करणारेही होतेच. ठिपकेवाल्या मुनियांचा थवा लोंबीवर लोंबकळत होता आणि बांधावरच्या माडाला सुगरणीची वीसेक घरटी, बहुतेक आता ओस. सुगरणीचा थवा भात खातो, नाही म्हणणार नाही. डॉ. सलीम अली यांनी १९३० च्या सुमारास अलिबागजवळ किहीमला राहून याच पक्ष्याचा अभ्यास केला. नर अर्धं घरटं विणतो, मादी येऊन तपासते, पसंत पडलं तरच पुढचं काम पूर्ण होतं, आणि मग नर दुसरं घरटं विणायला घेतो, हे त्यांनी तिथे नोंदवलं. पण पावसाळ्यात पिल्लं घरट्यात असतात तेव्हा सुगरण त्यांना अळ्या आणि नाकतोडे भरवते. तेव्हाच्या कामाची मजुरी ती ऑक्टोबरात घेते असं मी धरतो. मजुरी जास्त वाटायला लागली की चकचकीत फिती बांधतो.

साडेनऊ, उघाडी

मळ्याचं सगळं पाणी उघाडीतून खाडीत जातं. ओहोटी लागलेली होती, चिखल उघडा पडलेला. चिखलावर तुतवार ठुमकत होता. तिवराच्या फांदीवर ढोकरी मान आखडून बसलेली. उघाडीच्या तोंडाशी पांढरे बगळे सात, कारण मळ्यातलं पाणी आलं की बारीक मासा आणि कोळंबी तिथे जमते.

आणि तिथेच खारवी वाडीतल्या चार बायका तिसऱ्या काढत होत्या. त्यातल्या एक काकू मला ओळखतात. म्हणाल्या, "काय भाऊ, रवारी औषध मारणार म्हणे सगळा मळा?" मी म्हटलं, "अजून ठरायचंय." त्या म्हणाल्या, "मारा बाबा, तुमचं भात आहे. फक्त आधी सांगा, म्हणजे आम्ही आठ दिवस येणार नाय."

हे बोलणं माझ्या डोक्यात राहिलं. पायरेथ्रॉइड गटातली औषधं माणसाला आणि गुराला तुलनेने कमी, पण मासे, कोळंबी, खेकडे यांना अगदी थोड्या प्रमाणातही घातक असतात. बहुतेक बाटल्यांवर तसं लिहिलेलं असतं, अक्षर बारीक असतं इतकंच. आमच्या मळ्याची फवारणी मळ्यात संपत नाही. ती दोन ओहोट्यांत त्या काकूंच्या टोपलीत जाते. त्यांना बैठकीला कोणी बोलावलं नव्हतं.

दहा, पुळण

उघाडीवरून पुढे पुळणीवर गेलो. ओल्या वाळूवर छोटे चिखल्या पळत होते, पळायचे, थांबायचे, टिपायचे. ६० पर्यंत मोजले. हे तिबेट-लडाखकडच्या उंच पठारावर वीण करून येतात. पाण्याच्या कडेला तपकिरी डोक्याचे कुरव, अजून थोडेच. सुरूच्या बनावर काकण, म्हणजे समुद्री गरुड, घिरट्या घालत होता आणि त्याच्यामागे दोन कावळे लागले होते.

मतलई वारा अजून चालू होता. सुरूच्या बनाच्या कडेला, वाऱ्याच्या आडोशाला तेच पिवळे चतुर. खाली वाळूवर नाही, सुरूच्या शेंड्याच्या पातळीला. दहा मिनिटं उभा राहून मोजले तर शंभराच्या पुढे गेले आणि मोजणं सोडलं. पुढे नुसता समुद्र. त्या बाजूला बघताना एकच विचार आला: ज्याचा वरचा वारा ठरलाय, मुक्काम ठरलाय, त्याच्या प्रवासातलं एक ठाणं माझं सात खाचरांचं शेत आहे. ते ठाणं कसं ठेवायचं हे मात्र आम्ही रविवारी पंप भाड्याने आणून ठरवणार.

रात्री आठ, देवळाचा सभामंडप

वहीतले आकडे वाचून दाखवले. आबा भडकले. "चतुर मोजून पोट भरणार काय रे? गेल्या साली माझं आठ मण भात गेलं. तेव्हा कुठे होते तुझे कोळी?"

आबांचं खोटं नव्हतं. ज्याचं गेलंय त्याला कोळ्याचं पुराण सांगू नये. मी म्हटलं, "आबा, तुमच्या चट्ट्यात ४० आहेत, तिथे फवारायलाच हवं, मी नको म्हणत नाही. पण माझ्यात ६ आहेत. तुमच्यासाठी माझे कोळी मारून तुमचं भात वाचणार नाही. उलट चट्टा गेल्यावर परत तुडतुडा आला तर माझ्याकडून कोळी तुमच्याकडे येतील."

मग कृषी सहायक ताईंनी, त्यांना फोन लावला होता, एक प्रश्न विचारला आणि सगळेच गप्प झाले. "कापणीला किती दिवस आहेत?" बारा ते चौदा. "मग ठरलेल्या औषधाचा प्रतीक्षा काळ लेबलवर बघा." बाटलीचा फोटो मागवला, मोठा करून बघितला. आमच्या कापणीपर्यंतच्या दिवसांपेक्षा तो काळ जास्त होता. म्हणजे फवारलं असतं तर भात तरी उशिरा कापायचं, नाहीतर औषधासकट घरात आणायचं. आणि पेंढा गुरांना घालायचा तो वेगळाच.

शेवटी ठरलं ते असं. आधी सगळ्या मळ्याचं पाणी काढायचं, तीन-चार दिवस खाचरं कोरडी ठेवायची. बुंध्याची ओल गेली की तुडतुड्याला जागा मानवत नाही. पाणी आधी काढायचं म्हणजे ते औषध न मिसळलेलं पाणी खाडीत जाईल. ज्यांचं ८०-८५ टक्के दाणा पिकलाय त्यांनी वाट न बघता कापणी लावायची. आबांच्या चट्ट्याभोवती दोन-दोन हात सोडून फक्त तेवढ्यातच, फक्त तुडतुड्यावर चालणारं आणि प्रतीक्षा काळात बसणारं औषध, तेही बुंध्याशी नोझल धरून. ताईंनी नाव आणि मात्रा आबांना लिहून दिली. तीन जण तरी म्हणाले, "आम्ही आमचं सगळं मारणारच." त्यांनी मारलं. त्यांच्यावर माझा राग नाही, भीती प्रत्येकाची वेगळी असते. एवढंच केलं की त्या काकूंना आदल्या दिवशी निरोप धाडला.

नऊ दिवसांनी

परत थाळी घेऊन फिरलो. माझ्या खाचरांत मधे एकदा सरासरी ७ पर्यंत चढली, आता ५ आहे. कोळी तेवढेच. उगवतीच्या कोपऱ्यात, जिथे पाणी नीट निघालं नाही, तिथे साधारण अर्धा गुंठा भात बसलं. ते गेलं असंच धरतो. आबांचा चट्टा वाढायचा थांबलाय, आणि चट्ट्याबाहेरचं भात त्यांनी कालपासून कापायला घेतलंय. काल येता येता म्हणाले, "तुझी ती थाळी दे जरा दोन दिवस."

एका मळ्याची, एका हंगामाची ही नोंद आहे. तिला प्रयोग म्हणू नका. पण पुढच्या साली लागेल म्हणून चार गोष्टी लिहून ठेवतो, तुम्हीही ठेवा.

लावणी करताना दर दोन-तीन मीटरला फूटभर पट्टा मोकळा सोडा, हवा आणि ऊन बुंध्याशी गेलं पाहिजे. युरिया हप्त्याहप्त्याने द्या, भात काळंभोर दिसलं की खूश होऊ नका. पोटरी धरल्यापासून आठवड्याला एकदा थाळी घेऊन वीस चूड झाडा, आणि तुडतुड्याबरोबर कोळीही लिहा. नुसता तुडतुड्याचा आकडा अर्धाच असतो. आणि औषध घ्यायच्या आधी बाटलीवरचा प्रतीक्षा काळ आणि आपल्या कापणीची तारीख शेजारी शेजारी लिहून बघा.

एक आणखी. लोंबी पिकताना लष्करी अळी येते, रात्रीत लोंब्या कुरतडून खाली पाडते. चौरस मीटरला चार-पाच अळ्या दिसल्या तर दुर्लक्ष करू नका. तिला खाणारे बेडूक आणि बगळे मळ्यात राहू द्या, बेडूक पकडून नेणाऱ्यांना बांधावर येऊ देऊ नका.

नोव्हेंबरात सड्यावर लक्ष ठेवा. अमूर ससाणा हा पारव्यापेक्षा लहान शिकारी पक्षी सैबेरिया-चीनकडून नागालँडमार्गे येतो आणि अरबी समुद्र ओलांडून आफ्रिकेला जातो, त्याच सुमारास आणि त्याच दिशेने जेव्हा चतुर जात असतात. वाटेत तो चतुर खात असावा असा अँडरसन यांचा अंदाज आहे. दिसला तर तारीख, वेळ आणि जागा लिहा.

आणि तुमच्या मळ्यात यंदा चुडाला तुडतुडे किती, कोळी किती, तेही खाली लिहा. गावाचं आणि भाताच्या जातीचं नाव टाकायला विसरू नका. दहा गावांचे आकडे जमले तर पुढच्या लावणीच्या आधी ते एकत्र करून इथेच टाकतो.